अंगात आलेल्याला काय हवं असतं?

२०२३-२४चा पावसाळा झांबियात जवळजवळ कोरडा गेला. फेब्रुवारी २०२४च्या अखेरीस सरकारने दुष्काळ ही राष्ट्रीय आपत्ती असल्याचं जाहीर केलं, आणि त्या वर्षाच्या उत्तरार्धात लुसाकात दिवसाकाठी तीन-चार तास वीज आली तरी आम्हाला पुष्कळ वाटू लागलं. या देशाची बहुतेक वीज पाण्यावर तयार होते, आणि तिच्यात झांबेझी नदीवरच्या करीबा धरणाचा वाटा मोठा. करीबाचं पाणी खाली गेलं की आमच्या घरातले दिवे जातात.

अशाच एका अंधाऱ्या संध्याकाळी मी आणि शेजारच्या बाई अंगणात खुर्च्या टाकून बसलो होतो. त्या निवृत्त शिक्षिका, म्हणून मी त्यांना मॅडम म्हणतो. त्या टोंगा समाजाच्या. बोलता बोलता मी गमतीने म्हटलं, "तुमचा नदीचा देव रागावलेला दिसतोय." झांबेझीत न्यामिन्यामी नावाचा, सापाचं अंग आणि माशाचं डोकं असलेला देव आहे, धरणाच्या भिंतीने त्याची आणि त्याच्या बायकोची ताटातूट झाली, ही गोष्ट इथे आलेल्या पाहुण्यांनाही सांगतात. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "रागावला की नाही ते मला ठाऊक नाही. पण तेव्हा कोणी कोणाचं ऐकून घेतलं नव्हतं, हे मला ठाऊक आहे."

मग त्यांनी आपल्या आईची गोष्ट सांगितली. त्या दहा वर्षांच्या असताना आई अचानक आजारी पडली. जेवेना, बोलेना, रात्री उठून झाडीत पळून जाई. वडील लुसाकात बांधकामावर होते, वर्षातून एकदा घरी येत. नातेवाइकांनी जाणत्याला बोलावलं, ढोल वाजले. एका रात्री ढोलाचा एक विशिष्ट ताल सुरू होताच आई उठली आणि खांद्यावर काठी टाकून शिपायासारखी चालू लागली. परतून आलेल्या नवऱ्याला तिने हुकूम सोडले: साबण आण, पांढरं कापड आण. वडील आधी हसले, मग आजूबाजूच्यांचे चेहरे पाहून गप्प झाले आणि दुकानात गेले. आई बरी झाली. पुढे आयुष्यभर ती त्या नाचणाऱ्या बायकांपैकी एक होती. "माझ्या आईने स्वतःच्या तोंडाने नवऱ्याकडे साबणाची वडी कधीच मागितली नसती," मॅडम म्हणाल्या.

मला माझी आत्या आठवली. नवऱ्याने टाकल्यावर ती आमच्याकडे, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी राहायला आली होती. पौर्णिमेला तिच्या अंगात यायचं. केस मोकळे सोडून ती घुमायची आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायची, "मला माझ्या जागेवर नेऊन बसवा." गावातल्या बायका ओटी घेऊन यायच्या, पाया पडायच्या, देवीला देऊळ हवंय म्हणायच्या. माझे वडील शाळामास्तर, कडक विवेकवादी. एका पौर्णिमेला त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, आत्याच्या तोंडावर तांब्याभर पाणी मारलं आणि म्हणाले, "हे ढोंग माझ्या घरात चालणार नाही." मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि मला वडिलांचा अभिमान वाटला होता. मी हसलोही होतो. त्यानंतर आत्याच्या अंगात कधी आलं नाही. ती पुढे वीस वर्षं जगली. त्या वीस वर्षांत तिने काही मागितल्याचं मला आठवत नाही.

हे मी मॅडमना सांगितलं. त्यांनी थोडा वेळ थांबून विचारलं, "आणि तुमच्या आत्याला काय हवं होतं?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण आमच्या घरात हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. अंगात येणं खरं की खोटं, यावर आपण मराठी माणसं शंभरेक वर्षं हिरिरीने भांडत आलो आहोत आणि त्या भांडणात माझी बाजू आजही वडिलांचीच आहे. तरीही खरं-खोटं ठरवणं एवढंच आपलं काम होतं का, अशी शंका मला त्या संध्याकाळपासून सोडत नाही. टोंगा लोकांकडे या बाबतीत जी समज आहे, ती तुमच्यापुढे ठेवाविशी वाटते.

आधी हे लोक कोण ते सांगतो. टोंगा नावाचे समाज आफ्रिकेत एकाहून अधिक आहेत. मी बोलतोय ते दक्षिण झांबियाच्या पठारावरचे आणि झांबेझीच्या खोऱ्यातले, म्हणजे ग्वेम्बे खोऱ्यातले टोंगा. नदीच्या पलीकडे झिंबाब्वेतही त्यांचेच भाऊबंद आहेत. यांच्यात कूळ आईकडून चालतं. फार मोठे राजे, दरबार, सैन्य असा त्यांचा इतिहास नाही. वस्त्यांच्या छोट्या छोट्या समूहांचा हा समाज. या लोकांबद्दल आज जे लिहिलेलं सापडतं, त्यातलं बरंचसं एका बाईंचं आहे. एलिझाबेथ कोल्सन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ १९४६मध्ये इथे आल्या, १९५६मध्ये थेयर स्कडर या सहकाऱ्याबरोबर ग्वेम्बे खोऱ्यात काम करू लागल्या आणि पुढची कित्येक दशकं पुन्हा पुन्हा येत राहिल्या. शेवटी त्या इथेच स्थायिक झाल्या आणि २०१६मध्ये मोंझे इथे वयाच्या ९९व्या वर्षी वारल्या. टोंगांच्या अंगात येण्यावरचा त्यांचा निबंध १९६९मध्ये प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे 'अंगात आलं' या दोन शब्दांत आपण सगळं गुंडाळतो. टोंगा भाषेत तसं नाही. मेलेल्या पूर्वजांचे आत्मे म्हणजे मिझिमू. ते घरावर लक्ष ठेवतात, विसरलात तर आजारपणाने आठवण करून देतात. भटकी, त्रासदायक भुतं वेगळी. पण माणसाच्या तोंडून बोलणारे किंवा त्याला नाचायला लावणारे मुख्यतः दोन: बासांगू आणि मासाबे. या दोघांतला फरक फार महत्त्वाचा आहे.

बासांगू सगळ्या वस्तीसाठी बोलतात. पाऊस का लांबला, रोगराई का आली, लोक कुठे चुकले, हे ते सांगतात. ज्याच्या तोंडून ते बोलतात तो माणूस वारसाहक्काने निवडलेला नसतो. जमिनीचे विधी करणारा सिकाटोंगो हा वंशपरंपरेने ठरतो, पण बासांगू कोणालाही धरतात. मानाच्या घराण्यातलाच माणूस हवा असं नाही, बाईसुद्धा चालते. पावसाच्या या परंपरेचं सर्वांत प्रसिद्ध ठिकाण म्हणजे मोंझेजवळचं गोंडे. तिथल्या मोंझे नावाच्या पावसाच्या धन्याला डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८५५मध्ये भेटला होता. दरवर्षी तिथे ल्विंडीचा उत्सव अजूनही भरतो.

मासाबेंना वस्तीच्या भल्याबुऱ्याशी काही देणंघेणं नसतं. ते परके असतात: दुसऱ्या जमातीच्या माणसांचे, जनावरांचे, आणि विसाव्या शतकात तर नव्या यंत्रांचेसुद्धा. विमानाचा मासाबे ही कोल्सन यांनी नोंदवलेली गोष्ट आहे. डोक्यावरून विमान घरघरत गेलं, एक बाई घाबरून रानात पळाली आणि विमान तिच्या अंगात शिरलं. आपल्याला हसू येतं. पण नीट पाहिलं तर यात एक व्यवस्था आहे. प्रत्येक मासाबेचा स्वतःचा ताल, स्वतःची गाणी, स्वतःचा वेश आणि स्वतःच्या मागण्या असतात. आजारी माणसासमोर एकेक ताल वाजवून पाहतात. ज्या तालाला शरीर उठतं, तो पाहुणा. मग त्याला हवं ते देऊन त्याचा नाच नाचला जातो. त्याला हाकलून देत नाहीत. तो त्या माणसाजवळच राहतो, अधूनमधून येतो, आणि एकदा बरी झालेली बाई पुढे तसाच त्रास होणाऱ्या इतर बायकांना मदत करते.

म्हणजे उपचाराची सुरुवातच दोन प्रश्नांनी होते: तू कोण, आणि तुला काय हवं? आमच्या घरात तांब्याभर पाण्याने सुरुवात झाली आणि तिथेच शेवट झाला.

कोल्सन यांना आणखी एक गोष्ट दिसली. पठारावरच्या टोंगांमध्ये मासाबे क्वचितच येत, आणि आले तर पुरुष-बाई असा भेद फारसा नव्हता. तिथे बाजारासाठी शेती होत होती आणि पैशाच्या व्यवहारात बायकाही होत्या. खाली ग्वेम्बे खोऱ्यात मात्र मासाबे बायकांनाच जास्त धरत. तिथले पुरुष दोन-तीन पिढ्या मजुरीसाठी दूरच्या शहरांत जात होते. ते परत येत तेव्हा अंगावर नवे कपडे, तोंडात नवे शब्द असत. बायका मात्र खोऱ्यातच राहिल्या. जे जग त्यांनी फक्त ऐकलं होतं, ते त्यांच्या अंगात येऊ लागलं, आणि त्या जगातल्या वस्तू मागू लागलं: कापडं, साबण, पुरुषांचे कपडे.

हे वाचल्यावर तुमच्या-माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला एकदम हायसं वाटतं. बघा, उलगडा झाला. भूतबीत काही नाही, दबलेल्या बायकांची ती बोलण्याची वाट होती. मलाही तसंच वाटलं होतं, आणि मी ते मॅडमना उत्साहाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आईला साबण हवा होता हे खरं. पण त्या रात्री ती शिपाई होती, हेही खरं. मी पाहिलंय."

त्या वाक्यावर मी बराच विचार केला. अंगात आलेल्या माणसाशी वागायच्या आपल्याला तीन तऱ्हा माहीत आहेत. भाविक पाया पडतो, ओटी भरतो आणि देवीला शांत करून घरी जातो. नास्तिक ढोंग म्हणून उडवून लावतो. अभ्यासक म्हणतो, हा देवही नाही आणि ढोंगही नाही, हा दबलेला निषेध आहे. तिघांची मतं एकमेकांच्या विरुद्ध आहेत, पण वागण्यात एक साम्य आहे. तिघांनीही समोरच्या बाईच्या शब्दांपेक्षा त्यामागचं काहीतरी महत्त्वाचं मानलं. गावातल्या बायकांनी आत्याच्या वाक्याचा अर्थ देऊळ असा लावला. वडिलांनी त्याचा अर्थ लावण्याची गरजच मानली नाही. आणि मी आज पुस्तकं वाचून त्याचा अर्थ 'टाकलेल्या बाईचं दुःख' असा लावून मोकळा होऊ शकतो. तिसरा मार्ग सर्वांत सभ्य, पण त्यातही आत्याला उत्तर मिळत नाही.

विश्वास ठेवणं आणि ऐकून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला टोंगांमुळे समजलं. मॅडमचे वडील शहरात राहिलेले, मिशनच्या शाळेत शिकलेले. बायकोच्या अंगात खरोखर कोणी शिपाई आलाय, असं त्यांना वाटलं असेल का? मॅडमना वाटत नाही. पण ते साबण घेऊन आले. ऐकून घ्यायला त्यांना आधी मत बदलावं लागलं नाही.

आणि ऐकून न घेतल्याने काय होतं, त्याचं उदाहरण त्याच खोऱ्यात आहे, एका घरापेक्षा फार मोठं.

करीबा धरणाचं काम १९५५मध्ये सुरू झालं आणि डिसेंबर १९५८मध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली. भिंत १२८ मीटर उंच, मागे साठलेला जलाशय २८० किलोमीटर लांब. त्यासाठी नदीच्या दोन्ही तीरांवरच्या सुमारे ५७,००० टोंगांना हलवण्यात आलं. बुडणाऱ्या बेटांवर अडकलेल्या जनावरांना वाचवायला तेव्हा 'ऑपरेशन नोआ' नावाची मोहीम निघाली. तिने सहा हजारांवर जनावरं वाचवली आणि तिची जगभर वाहवा झाली. माणसांच्या हलवाहलवीची तेवढी चर्चा झाली नाही.

लोक जायला तयार नव्हते. त्यांच्या नद्या, शेतं तिथे होती, माणसं तिथे पुरलेली होती, आणि मालेंडे तिथे होती. मालेंडे म्हणजे पाऊस मागण्याची, पेरणी-सुगीच्या विधींची जागा. एखादं झाड, एखादा झरा, डोह, एखादी छोटी झोपडी. तिथले विधी त्या मातीशी बांधलेले, त्यामुळे मालेंडे उचलून लॉरीत घालता येत नाही. झोपड्या आणि शेतं मोजता आली, पण बुडालेल्या डोहाची मोजणी कशी करणार? १० सप्टेंबर १९५८ रोजी चिपेपोच्या मुलखातल्या चिसोमू गावी भाले घेऊन उभ्या राहिलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. आठ टोंगा ठार झाले. मग बाकीच्यांना लॉऱ्यांत बसवून धरणाच्या खालच्या अंगाला, शेकडो मैल नव्हे पण त्यांच्या दृष्टीने परक्याच देशात, लुसितूला नेलं. तिथे १९५९मध्ये कसल्याशा आजाराने एकामागून एक बायका आणि मुलं दगावली. डॉक्टरांना त्याचं कारण नक्की करता आलं नाही. मॅडम त्या लॉरीत आईच्या मांडीवर होत्या, दोन वर्षांच्या. शिपाई होऊन चालणारी आई तीच.

त्या वेळच्या अधिकाऱ्यांपुढे प्रश्न असा होता: नदीला देव आहे का? उत्तर स्वाभाविकच नाही असं होतं, आणि तिथे संभाषण संपलं. पण लोक पूर्वजांच्या आणि देवांच्या भाषेत जे सांगत होते, त्यात साधी माहितीही होती. आमचं बियाणं या मातीचं आहे. आमचे आजार आम्हाला इथे माहीत आहेत, तिथले नाहीत. इथे आम्ही कोण ते सगळ्यांना माहीत आहे. यातलं एकही वाक्य समजायला न्यामिन्यामीवर विश्वास ठेवावा लागत नव्हता. वर्षानुवर्षं त्या खोऱ्यातल्या गावांवरून विजेच्या तारा गेल्या आणि गावं अंधारात राहिली. मी लुसाकात तीस वर्षं त्याच विजेवर दिवा लावतोय. त्या विजेची किंमत कोणी दिली, याची चौकशी मीही २०२४चा अंधार होईपर्यंत केली नव्हती.

इथे तुमच्यातले काही जण माझ्यावर रागावले असतील. रागवायलाही हवं. नरेंद्र दाभोलकरांचा ज्या महाराष्ट्रात खून झाला, तिथला माणूस अंगात येण्याची वकिली करतोय? बुवाबाजीत किती संसार उद्ध्वस्त झाले, किती बायकांना चेटकीण ठरवून गावाने मारलं, हे विसरायचं का?

विसरायचं नाही. टोंगांमध्येही ही बाजू आहे, आणि ती भयंकर आहे. कोल्सन यांचा २०००मधला एक निबंध बापांबद्दल आहे. कूळ आईकडून चालत असल्याने पूर्वी चेटकाचा संशय यायचा तो आईकडच्या नातलगांवर. मुलगा दुसऱ्या कुळातला, म्हणून बाप त्याचं वाईट करील असं मानत नसत. पण विसाव्या शतकाच्या शेवटी दिवस वाईट आले, नोकऱ्या गेल्या, तरुण माणसं मरू लागली, आणि ग्वेम्बे खोऱ्यात मुलं स्वतःच्या म्हाताऱ्या बापांकडे बोट दाखवू लागली. ज्यांनी वाढवलं त्यांनाच चेटके ठरवलं. झांबियात १९१४पासून जादूटोण्याचा कायदा आहे, आणि एखाद्याला चेटका म्हणून नाव घेणं हाच त्यात गुन्हा आहे. तरी हे घडतं.

मग रेषा कुठे ओढायची? माझ्यापुरतं उत्तर मला इथेच सापडलं. आत्म्याच्या तोंडून दोन प्रकारची वाक्यं निघू शकतात. एक, 'मला हे हवं आहे' किंवा 'आपण सगळे चुकलो आहोत'. दुसरं, 'हे त्याने केलं'. पहिल्या प्रकारात बोलणारी व्यक्ती 'मी नाही, तो बोलला' या आडोशामागे उभी राहिली तर कोणाचं काही बिघडत नाही. ज्याला स्वतःच्या नावाने मागायची मुभाच नाही, त्याने दुसऱ्याच्या नावाने मागितलं तर त्याला खोटारडा म्हणण्याआधी ती मुभा कोणी काढून घेतली ते पाहावं. दुसऱ्या प्रकारात मात्र तो आडोसा देता येत नाही. ज्याच्यावर आरोप झाला त्याला उलट प्रश्न विचारायचा हक्क आहे, आणि शुद्धीवर आल्यावर 'मला काही आठवत नाही' म्हणणाऱ्याला तो प्रश्न विचारता येत नाही. मागणी कोणाच्याही तोंडून येऊ दे. आरोप करणाऱ्याने तो स्वतःच्या नावावर घेतलाच पाहिजे.

आपल्या महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदाही जवळपास हेच म्हणतो, हे मला नंतर वाचताना दिसलं. अंगात येणं हा त्यात गुन्हा नाही. अंगात शक्ती संचारल्याचा आभास निर्माण करून दुसऱ्याला भीती घालणं, धमकावणं, फसवणं हा गुन्हा आहे. वडिलांच्या पिढीची लढाई ज्या कायद्यात येऊन पोचली, त्या कायद्याने माझ्या आत्याला गुन्हेगार ठरवलं नसतं. तिने कोणाचं नाव घेतलं नव्हतं, कोणाला भीती घातली नव्हती. तिने फक्त जागा मागितली होती.

आणखी एक आक्षेप आहे, आणि मला तो अधिक खरा वाटतो. बायकांना भुताच्या आडून बोलावं लागू नये, स्वतःच्या नावाने बोलता यावं, हेच चांगलं नाही का? अर्थातच. पठारावर बायकांच्या हाती पैसा होता आणि तिथे मासाबे क्वचित येत, हा पुरावा त्याच बाजूचा आहे. मॅडम स्वतः शिकल्या, नोकरी केली, त्यांच्या अंगात कधी काही आलं नाही. त्या दर रविवारी चर्चला जातात. पण त्यात एक क्रम आहे. आधी बोलायला जागा व्हावी लागते, मग आडोसा आपोआप पडून जातो. माझ्या वडिलांनी आडोसा आधी पाडला. त्यांचा हेतू चांगला होता, युक्तिवाद बिनचूक होता. पण घर त्यांच्या नावावर होतं, शेत त्यांच्या नावावर होतं, आणि आत्याच्या नावावर जे एकच वाक्य होतं तेही त्या पौर्णिमेला गेलं.

आपल्याकडे ज्याच्या अंगात येतं त्याला झाड म्हणतात. देव वाऱ्यासारखा येतो आणि झाड हलतं. वारा खरा की खोटा, यावर आम्ही वाद घालत बसलो. झाड कुठे उभं आहे, त्याच्या मुळाशी माती आहे का, हे कोणी पाहिलं नाही.

'माझी जागा' म्हणजे आत्याला काय म्हणायचं होतं? सासरचं घर? वडिलोपार्जित घरातला तिचा वाटा? की खरोखरच देवीला तिच्या डोंगरावर जायचं होतं? मला आज यातलं काहीही ठामपणे म्हणता येत नाही, आणि तिच्या वतीने ते ठरवून टाकणं म्हणजे पुन्हा तिच्या तोंडावर तांब्याभर पाणी मारल्यासारखंच होईल. तिला विचारायचं होतं, ती असताना.

तुमच्या घरातही अशी कोणी असेल. मावशी, आजी, लांबची चुलती, जिची आठवण निघाली की सगळे जरा ओशाळं हसतात आणि विषय बदलतात. आपण परदेशात आलो, आपल्या मुलांना हे सांगायचीही लाज वाटते. माझं एवढंच म्हणणं आहे की तिला जवळून पाहिलेलं कोणी अजून गावाकडे असेल, तर पुढच्या फोनवर विचारा. तिच्या अंगात कोण यायचं ते राहू द्या. ती काय म्हणायची, ते विचारा. आणि ती स्वतः अजून असेल, तर तिलाच फोन करा.

त्या रात्री अकराच्या सुमाराला वीज आली. मॅडम लगबगीने उठल्या, पाणी भरायचं होतं, फोन चार्ज करायचा होता, इस्त्री करायची होती. तीन तासांत सगळं उरकायला हवं होतं. दारातून त्यांनी वळून हात हलवला. मी घरात जाऊन दिवा लावला आणि गावी भावाला फोन लावला. तिकडे पहाट व्हायची होती. त्याने घाबरून विचारलं, "काय रे, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. आत्याची एक गोष्ट विचारायची होती."